आमच्या घरी गोड बंद झालं तेव्हा

माझ्या नातीची मान काळी होती. चेहरा उजळ, हात उजळ, आणि मानेच्या मागे मात्र कोणी कोळशाचं बोट फिरवावं तसा जाड पट्टा. माझी बायको तिला रविवारी न्हाणीत बसवायची आणि घोसाळ्याच्या जाळीने घासायची. आधी साबण, मग बेसन, मग लिंबू. नात ओरडायची, आणि बायको म्हणायची, "किती मळ गो हा! शाळेत जातेस की खाणीवर?" मी बाहेर सोप्यावर बसून जोर द्यायचो, "घास, घास, सोडू नको." कातडं लाल व्हायचं. पट्टा जागच्या जागी.

पुढे जायच्या आधी एक सांगतो. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, तेही मास्तरांना माझी दया आली म्हणून. आमचं घरातलं बोलणं कोंकणी, पण मास्तरांनी अक्षरं शिकवली ती मराठीची, म्हणून लिहितो मराठीत. घरातलं बोलणं इथे मराठीत उतरवलं आहे. जे उतरलं नाही ते तसंच ठेवलं आहे. शुद्धलेखनाच्या चुका कोणी काढू नयेत. काढल्या तरी मी मानणार नाही.

डिचोली तालुक्यात पाळी गावाच्या अंगाला आमचं घर. सगळी उमर मी खनिजाचा ट्रक चालवला. पोट स्टेअरिंगला असं टेकायचं की वळणावर हात सोडले असते तरी गाडी वळली असती. खाणी बंद पडल्या तेव्हा गाडी विकली, पोट राहिलं. मुलगा बोटीवर असतो, त्याचं तोंड फोनमध्ये दिसतं तेवढंच. सून मोपाच्या विमानतळावर कामाला, पहाटेच कंपनीची गाडी येऊन तिला घेऊन जाते. तेव्हा नात वाढली ती आमच्या हाताखाली, म्हणजे खरं सांगायचं तर बायकोच्या डवल्याखाली, वाढायच्या पळीखाली.

सकाळी पाववाला पोदेर सायकलीवरून पोंपों करत आला की गरम पोय आणि पातळ भाजी. शाळेतून येताना गाड्यावरची मिरची भजी आणि रंगीत पाण्याची बाटली. रात्री शीत-कडी, म्हणजे भात-कालवण, मग परत शीत, मग ताटात कडी उरली म्हणून परत थोडं शीत. पंधराव्या वर्षी तिचा गणवेश माझ्या सदऱ्याच्या मापाचा झाला. शेजारीपाजारी म्हणायचे, "खात्यापित्या घरची दिसते." मला छाती फुगवायला तेवढं पुरायचं. छाती आणि पोट यात आता फरक राहिला नव्हता ते सोडा.

ती वर्गात झोपते अशी तक्रार आली, तर मी म्हटलं शिकवणाराच रटाळ असेल. घराची चढण चढताना तिला धाप लागते, तर म्हटलं दप्तर जड. ती घोरते, तर म्हटलं माझ्यावर गेली. मी घोरायला लागलो की आमचा कुत्रा अंगणातून उठून रस्त्यावर जाऊन निजायचा, तेव्हा घोरण्यात आमच्या घराला काही कमीपणा वाटत नसे.

मग शाळेत तपासणीला माणसं आली. त्यातल्या नर्सने नातीची मान बघितली आणि विचारलं, "घरात साखर कुणाला आहे?"

नात म्हणाली, "डब्यात आहे."

सगळा वर्ग हसला. नर्स हसली नाही. डिचोलीला दोतोरणीकडे न्या, असं चिठ्ठीवर लिहून दिलं.

नातीने घरी येऊन कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसकण मारली आणि सांगितलं, "मी सुई टोचून घेणार नाही. टोचायची तर आधी आजोला टोचा."

"मला काय झालंय?" मी म्हटलं.

"मला तरी काय झालंय? माझं पोट तुझ्यासारखं, घोरणं तुझ्यासारखं. तुला काही नाही तर मलाही काही नाही."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या सकाळी मी धुतलेला सदरा घालून तयार.

दोतोरीण तरुण होती, घाटावरची, साताऱ्याकडची. बोलायला गोडशी, पण काट्यावर उभं करताना पोलिसासारखी. नात काट्याजवळ जाईना. "आजो, तूं पयलीं." मी हयातभर गाडी काट्यावर चढवली, स्वतः कधी चढलो नव्हतो. चढलो. दोतोरणीने आकडा बघून लिहून घेतला. खाणीवर असा माल निघाला असता तर अर्धा उतरवून ठेवायला लावला असता, एवढं मला समजलं. मग नात चढली. तिने डोळे मिटून घेतले होते, जणू आकडा डोळ्यातूनच आत शिरतो.

रक्त दिलं. पोटावर गार गार काहीतरी लावून यंत्र फिरवलं. पुढल्या आठवड्यात कागद आले तेव्हा बायको बाहेर बाकावर बसली आणि आम्ही दोघं आत.

"आजोबा," दोतोरीण म्हणाली, "तुम्हाला मधुमेह आहे. कधीपासून आहे ते देवाला माहीत. ब्लडप्रेशरही आहे. आणि हिची साखर अगदी काठावर आली आहे. लिव्हरमध्ये चरबी साठली आहे. या वयात."

"चरबी पोटात असते," मी म्हटलं.

"पोटात भरली की मग लिव्हरमध्ये शिरते. शरीर साखर जाळायला एक रस बनवतं, इन्सुलिन. चरबी फार झाली की शरीर त्या रसाचं ऐकेनासं होतं. मग ते आणखी रस बनवतं, आणखी ओरडतं म्हणा ना. त्या ओरडण्याची खूण म्हणजे ही मान. हा मळ नाही. कितीही घासलात तरी जायचा नाही."

नातीचा हात आपसूक मानेवर गेला.

"नुसतं जाड असणं वेगळं," दोतोरीण पुढे म्हणाली, "हे त्याच्या पुढे गेलंय. ही झोपेत घोरते म्हणता, तेव्हा तिचा श्वास अडत असणार, म्हणून दिवसा वर्गात झोप येते. पाळीही या चरबीमुळेच चुकते." इथे मी खिडकीबाहेर बघितलं. "पण हिचं अजून वळवता येईल. काठावरून मागे आली तर गोळी लागणार नाही. नाही आली तर तुमच्यासारखी जन्माची गोळी, आणि एवढ्या लहान वयात हा आजार लागला की तो मोठ्या माणसापेक्षा जोरात धावतो." मग तिने पेन टेबलावर टेकवलं आणि हुकूम दिला तसं म्हणाली, "दोघांनाही गोड एकदम बंद."

भात, पाव, चालणं असं ती आणखी बरंच बोलली. ते मी सल्ला म्हणून ऐकलं. हुकूम एकच होता.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही ज्याला गूळ म्हणता त्याला आम्ही गोड म्हणतो. माडाचं गोड, उसाचं गोड. चवीला आम्ही म्हणतो गोडशें. तेव्हा दोतोरीण म्हणाली गोड बंद, तर माझ्या डोळ्यांपुढे आली ती स्वयंपाकघरातल्या फळीवरची माडाच्या गोडाची काळी ढेप.

बाहेर बायकोने विचारलं, "कितें म्हण्टा दोतोर?"

"गोड बंद," मी म्हटलं. "घरात एक खडा दिसता कामा नये."

बायकोला नवल वाटलं. मलाही थोडं वाटलं होतं. साखरेचा रोग आणि बंद करायचं गोड? पण शिकलेली माणसं पुष्कळदा उलटंच सांगतात आणि ते बरोबर निघतं. मी नातीकडे बघितलं. ती शाळेत मराठी शिकलेली. तोवर आम्ही बसमध्ये बसलो होतो, ती खिडकीतून बाहेर बघत होती, फार लक्ष देऊन, आणि बाहेर तर नुसती भिंत होती.

घरी येऊन मी ढेप उचलली आणि शेजारच्या गोठ्यात देऊन आलो. त्या दिवसापासून मी जो पाळला तो नेम असा पाळला की विचारू नका. पुढे चवथ आली. बायकोने हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या. गोडाचं सारण, वास असा की गणपतीसुद्धा मान वळवील. मी पातोळीला हात लावला नाही. पाहुणे आग्रह करत होते, मी म्हणत होतो, "दोतोरणीचा हुकूम आहे." मणगणें आलं, म्हणजे चण्याच्या डाळीची खीर, त्यातही गोड, मी वाटी उपडी घातली. पाहुणे म्हणाले, "मन घट्ट हां तुमचं." मग नेवऱ्या आल्या, तुमच्या करंज्या. त्या साखरेच्या. त्या मी खाल्ल्या. नातीनेही खाल्ल्या. इतकं सोडल्यावर माणसाने काहीतरी खायला नको? दिवसभरात दोन कोप जास्त चहा, साखर दोन दोन कुलेर, चमचे म्हणा, कारण गोडाचा खडा चघळायची सवय होती ती मोडल्याने तोंड अळणी व्हायचं. गोळी मात्र मी रोज घेतली. म्हणून मला आणखीच हक्क आल्यासारखा वाटायचा.

पाऊस ओसरला तसे परत दोतोरणीकडे. रक्त आधीच देऊन ठेवलं होतं. मी बाकावर पाय फाकवून राजासारखा बसलो. गावात माझ्या नेमाची वाहवा चालली होती, इथेही होणार असं धरून चाललो.

दोतोरीण कागद बघून म्हणाली, "आजोबा, गोळी घेताय ना?"

"रोज."

"मग तुमची साखर वाढली कशी? हिचीही वाढली आहे. हिने काठ आता जवळपास ओलांडलाच म्हणा. गोड बंद केलं होतंत ना?"

"बाय, माझ्या घरात गोडाचा खडा नाही. गोठ्यात देऊन आलो. गाय सुखी झाली. चवथीला पातोळी खाल्ली नाही मी, पातोळी! पन्नास माणसांना विचार."

"मग खाल्लंत काय?"

"नेवऱ्या."

"त्या कशाच्या असतात?"

"रवा, खोबरं, साखर."

दोतोरणीने पुढे विचारलं, "आणि चहात?"

"चहात साखर. गोड कसं घालणार? बंद आहे ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. माझ्या बाजूच्या कदेलीतून आधी कुरकुर ऐकू आली, मग फसकन आवाज, आणि नात हसायला लागली. अशी हसली की कदेल हलायला लागली. "आजो, गोड म्हणजे गोडशें रे! सगळंच गोडशें!" दोतोरणीला मग तिनेच समजावलं. दोतोरणीने डोळ्यांवर हात ठेवला. तिचे खांदे हलत होते.

मी म्हटलं, "तुम्ही गोव्यात येऊन गोड म्हणणार तर गोडच बंद होणार. माझी काय चूक?" आजही माझं म्हणणं तेच आहे. हुकूम देणाऱ्याने मुलखाची भाषा शिकावी.

"माझी चूक," दोतोरीण म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटलं, म्हणून मला ती तिथून पुढे आवडायला लागली. मग नातीला विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

नातीचं हसू थांबलं. "माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"चवथ होती," नात म्हणाली. आणि मग एवढा वेळ हसून भरलेले डोळे वाहायला लागले ते थांबेनात. दोतोरीण हळू आवाजात म्हणाली की ही शेवटची खेप. पुढल्या वेळी असंच निघालं तर हिचीही गोळी सुरू.

बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो. दोघांना एक बाक पुरत नव्हता, तिसऱ्या कोणी बसायचं धाडस केलं नाही. नात चपलेने जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "आजो, मला तुझ्यासारखी गोळी नको. वर्गातली मुलं मला काय म्हणतात माहीत आहे? टिप्पर."

"टिप्पर वाईट आहे?" मी म्हटलं. मला खरंच कळलं नाही. टिप्परसारखी गाडी नाही.

"आजो!"

"बरं, बरं."

"मला वर्गात झोप येते ती मी थांबवू शकत नाही. उघड्या डोळ्यांनी झोपते मी. जिना चढले की छातीत धडधडतं. आणि आजी मान घासते तेव्हा मला वाटायचं की मीच घाण आहे. आता कळलं की आतून झालंय. मला भीती वाटते." ती हे सगळं पायाकडे बघून बोलत होती. मग वर बघून म्हणाली, "तू सोडलंस तर मी सोडीन. खरं सोडायचं. गोठ्यात द्यायचं तसं नाही."

मी हो म्हटलं. तोंडातून शब्द गेला की माझ्याकडून तो मागे येत नाही, ही माझी खोड सगळ्या गावाला माहीत आहे. तिलाही माहीत होती, म्हणूनच तिने मला स्टँडवर धरलं.

दुसऱ्या सकाळी मी फाटकाशी उभा राहून पोदेराची वाट बघितली. तो पोंपों करत आला, पाटी उघडायला लागला. मी म्हटलं, "आजपासून आमच्या दारात नको."

त्याने सायकल स्टँडला लावली, टोपी काढली, आवाज खाली आणला. "घरांत कोण गेलो काय कितें?"

"कोण गेला नाही. जाऊ नये म्हणून."

त्याला समजलं नाही. पण तेव्हापासून तो आमचं घर येईपर्यंत वाजवत येतो, आमच्या फाटकाशी गप्प होतो, आणि पुढच्या घराला परत सुरू करतो. ती मधली शांतता मला पावापेक्षा जड जायची.

बायकोला पटवणं सगळ्यात कठीण. ती पेडण्याकडची, तिच्या माहेरी पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं तर शरमेने रात्रभर झोपत नाहीत. शीत एक वाढ, भाजी दोन वाढ, असं सांगितलं की ती पोर वाळली म्हणून ओरडायची, "म्हजें चेडूं वाळत चल्लां!" एकदा ताटात कडीखाली शीत लपवलेलं सापडलं. नातीने ते चमच्याने बाजूला काढलं आणि म्हणाली, "आजी, हे कोणाचं?" बायको रागावून आत गेली. मी मागोमाग गेलो तर ती घोसाळ्याची जाळी हातात घेऊन उभी. "इतकी घासली मी पोरीला," म्हणाली. "आणि ती मळकी नव्हतीच." जाळीने पुढे ती भांडी घासायला लागली.

संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जायचो, खाणीच्या जुन्या रस्त्याने. त्या रस्त्याला चढ आहे हे मला ट्रकमध्ये कधी कळलंच नव्हतं, ते इंजिनाला कळत असणार. मी पुढे, ती मागे. धाप लागली की मी थांबून एखादं झाड बघायचो.

"आजो, दमलास?"

"काजूला मोहर आलाय का बघतो."

"ते जांभळाचं आहे."

थोडं पुढे गेल्यावर ती चप्पल बघायला थांबायची. चपलेला काही झालेलं नसायचं, मी विचारायचो नाही. असं करत आम्ही पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीच्या काठापर्यंत पोचायला लागलो. तिथे पहिल्यांदा पोचलो तेव्हा तिने खडे मारून पाण्यात भाकऱ्या काढल्या. मी म्हटलं, एक माझ्यासाठीही काढ. म्हणाली, "भाकरी नाही मिळणार." हिवाळा सरता सरता तिच्या मागे राहायचा मान माझ्याकडे आला. मी तो घेतला, पण काजू बघत.

वर्गात झोपते अशी तक्रार नंतर आली नाही. कुत्रा मात्र माझ्यामुळे अजून रस्त्यावरच निजत होता.

परत रक्त दिलं. कागदाच्या दिवशी बायकोही आत आली. पहिल्या वेळी बाहेर बसवलं म्हणून भाषेचा घोटाळा झाला, असं तिचं म्हणणं. दोतोरणीने नातीचा कागद आधी वाचला. मनातल्या मनात वाचत होती, आणि बायकोने माझ्या दंडाला धरलं ते नखं रुतेपर्यंत.

"खाली आली आहे," दोतोरीण म्हणाली. "पूर्ण बरोबर म्हणणार नाही. पण काठापासून मागे आली आहे. लिव्हर अजून जड आहे, वजन अजून खूप आहे, हे वर्षानुवर्षं करायचं काम आहे. पण गोळी नाही. आत्ता नाही."

नातीने हात पुढे केला. "मला द्या."

तिने कागद स्वतः वाचला. दोनदा वाचला. बायकोने देवाचं नाव घेतलं आणि मग दोतोरणीला सरळ विचारलं, "मग आज घरी काय करू? निदान एक वाटी मणगणें?" तिघांनी एकदम "नाही" म्हटलं.

नात माझ्याकडे वळली. "आजो, तुझा कागद?"

माझा कागद मी वाचून घेतला होता. इंग्रजी अक्षरं नाही कळली तरी आकडे मला कोणी शिकवायला नकोत. पहिल्यापेक्षा कमी होता, पण तिच्या आकड्याच्या पुष्कळ वर. मी मान ताठ करून म्हटलं, "माझा तुझ्यापेक्षा मोठा आहे."

"आजो, ही शर्यत उलटी असते. कमी आकडेवाला जिंकतो."

"उलटी?"

"उलटी."

"मग थांब," मी म्हटलं. "उमरभर भरलेला ट्रक मी घाटात मागे घेतलाय. मागे येणं मला तू शिकवू नको."

दोतोरीण म्हणाली, "आजोबा, हळू घ्या."

मी म्हटलं, ते आम्ही दोघं बघून घेऊ. आणि घरी जायला बस उभी होती तरी चालत निघालो. नात पुढे, बायको मधे, मी मागे. बायको सारखी म्हणत होती की बसला जागा आहे, जागा आहे. कोणी ऐकलं नाही.